तरुण संघाची नवी जबाबदारी आणि घरचा नाताळ : प्रथमच काम पाहणाऱ्यांसाठी

अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, नाशिक, जालना किंवा मिरज, कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चच्या समुदायात) वाढलेल्या माणसाला नोव्हेंबरच्या मध्यापासून नववर्षापर्यंतचे दिवस कसे जातात हे वेगळे सांगावे लागत नाही. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीचे, चार रविवार, शब्बाथ शाळेचा (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाचा) कार्यक्रम, तरुण संघाची, म्हणजे मंडळीतल्या तरुणांच्या गटाची, नाटिका, कॅरल राउंड (घरोघरी जाऊन नाताळगीते गाणे), ख्रिस्तजन्माची उपासना, ३१ डिसेंबरची रात्र आणि १ जानेवारीची सकाळ हे सारे एकापाठोपाठ येते. त्याच दिवसांत घरात रंगरंगोटी आणि फराळ चालू असतो, पाहुणे येतात, मुलांच्या चाचण्या असतात, आणि गावाकडे रब्बीची व कांदा लागवडीची कामेही असतात. ज्यांच्याकडे यंदा प्रथमच तरुण संघाचे काम आले आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यामागचे माझे मत ठाम आहे : या हंगामात घर आणि मंडळी यांची ओढाताण होते ती वेळ कमी असल्यामुळे फारशी होत नाही, तर मंडळीच्या तारखा आधी ठरतात आणि घराला उरलेल्या फटी मिळतात म्हणून होते. तो क्रम उलटा करावा.

आधी घरच्या तारखा

ऑक्टोबर संपण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातल्या सर्वांना घेऊन बसावे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर घरच्या तारखा शाईने लिहून टाकाव्यात. मुलांच्या परीक्षा, कॉलेजच्या सत्र परीक्षा, गावी जाण्याचा दिवस, फराळाचे दोन-तीन दिवस, आजीआजोबांची दवाखान्याची तारीख, घरातले लग्न किंवा साखरपुडा हे सगळे त्यात यावे. आपल्या मंडळ्यांमध्ये परिचारिका आणि शिक्षक पुष्कळ आहेत. ज्या घरात कोणी रुग्णालयात काम करते तिथे डिसेंबरच्या पाळ्यांचा तक्ता लागेपर्यंत २४ आणि २५ तारखेविषयी काहीही गृहीत धरू नये, कारण रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या पत्नीला किंवा पतीला नऊच्या उपासनेसाठी मुलांना एकट्याने तयार करावे लागले, तर त्या घराचा नाताळ तिथेच थकून जातो.

मुलांच्या सुट्ट्यांचाही नीट विचार करावा. राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत असते आणि नाताळला एखादाच दिवस मिळतो, तर अनेक मिशनरी शाळांमध्ये नाताळला आठ-दहा दिवस सुट्टी असते. एकाच तरुण संघात दोन्ही प्रकारची मुले असतात. ‘सुट्टीच लागली आहे’ असे म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी तालीम ठेवली, की अर्धी मुले शाळेतून थेट दप्तरासह येतात आणि रात्री उशिरा अभ्यासाला बसतात.

या दिनदर्शिकेवर प्रत्येक आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेवावी आणि ती कोणती हे तरुण संघालाही सांगावे. बुधवारी दादा किंवा ताई उपलब्ध नसतात, हे मुलांना एकदा कळले की ती सहज पाळतात. संध्याकाळ दर आठवड्याला बदलत राहिली तर मात्र कोणीच पाळत नाही.

पाळकसाहेबांबरोबर बैठक

घरच्या तारखा लिहून झाल्यावरच पाळकसाहेबांना आणि कमिटीच्या सेक्रेटरींना भेटावे. आगमनकाळाचा पहिला रविवार नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो, त्यामुळे पुढचा सगळा हिशेब आधीच मांडता येतो. उदाहरणार्थ, २०२६ साली आगमनकाळाचे रविवार २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर असे आहेत आणि नाताळ शुक्रवारी आहे. ज्या मंडळीत २४ च्या रात्रीही उपासना होते, तिथे २४ ची रात्र, २५ ची सकाळ, रविवार २७, ३१ ची रात्र आणि १ जानेवारी अशा नऊ दिवसांत पाच उपासना होतील. हे पाच प्रसंग कागदावर एकाखाली एक लिहून पाळकसाहेबांसमोर ठेवले, की त्यांपैकी कशात तरुण संघाने गावे, कशात वाचन करावे आणि कशात नुसते मंडळीत बसून उपासना करावी, हे तिथल्या तिथे ठरते. तरुणांना एखाद्या उपासनेत काहीही काम नसणे ही चांगली गोष्ट आहे. डिसेंबरभर पडद्यामागे धावणाऱ्या मुलाला आईवडिलांच्या शेजारी बसून ख्रिस्तजन्माचा संदेश ऐकता आला पाहिजे.

याच बैठकीत काय करायचे नाही हेही ठरवून घ्यावे. नव्या कार्यकर्त्याला मागील वर्षाइतके तरी झालेच पाहिजे असे वाटते, आणि मागील वर्षीच्या कार्यकर्त्यालाही तसेच वाटलेले असते. म्हणून यादी दरवर्षी वाढत जाते. माझा आग्रह असा आहे की तरुण संघाने या हंगामात दोनच मोठी कामे घ्यावीत, एक नाटिका आणि एक कॅरल राउंड. स्नेहमेळावा, क्रिकेटचे सामने, भेटवस्तूंची देवाणघेवाण, सजावट स्पर्धा यांना जानेवारीनंतर भरपूर दिवस मिळतात.

जबाबदाऱ्या वाटताना

बायबलमधल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसतो, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की असे केल्याने तू आणि तुझे लोक दोघेही थकून जाल, म्हणून हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेम. हे सांगायला घरचाच माणूस आला होता, आणि तो मोशेची बायकोमुले बरोबर घेऊन आला होता, याकडे आपण क्वचित लक्ष देतो.

तरुण संघात ही वाटणी जोड्यांनी करावी. प्रत्येक कामाला एक मोठा आणि एक लहान, म्हणजे एक कॉलेजचा किंवा नोकरी करणारा आणि एक नववी-अकरावीतला. पोशाख, वाद्ये, रंगमंच, कॅरलचा मार्ग, हिशेब आणि चहापाणी अशा सहा जोड्या पुरेशा होतात. दहावी आणि बारावीच्या मुलांना कोणत्याही जोडीत घालू नये. अलीकडे दोन्ही बोर्डांच्या लेखी परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होतात आणि त्याआधी सराव परीक्षा व प्रात्यक्षिके असतात, तेव्हा या मुलांना गाण्यासाठी बोलवावे, कामासाठी नाही. काम सोपवल्यावर ते खरोखर सोपवावे. पोशाखांच्या जोडीने देवदूतांना पांढऱ्याऐवजी फिकट निळे कापड आणले, तर ते तसेच चालू द्यावे.

नाटिकेच्या तालमी

पंधरा-वीस मिनिटांची नाटिका पुरे. तालमी रविवारच्या उपासनेनंतर ठेवाव्यात, कारण कुटुंबे तेव्हा आवारात आलेलीच असतात आणि कोणाला वेगळी फेरी पडत नाही. त्यातही प्रवेशानुसार मुलांना बोलवावे. सर्वांना साडेअकराला बोलावले, की हेरोद राजा आणि मागी लोकांचा (पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांचा) प्रवेश चालू असताना मेंढपाळ झालेली सहा मुले दीड तास भिंतीला टेकून मोबाईल पाहत बसतात आणि त्यांचे आईवडील बाहेर स्कूटरवर ताटकळत राहतात. मेंढपाळ साडेअकरा ते बारा, मागी बारा ते साडेबारा, आणि शेवटची पंधरा मिनिटे सर्व एकत्र, असे वेळापत्रक शनिवारीच ग्रुपवर टाकावे. ठरलेल्या वेळेला तालीम थांबवावी, मग प्रवेश अर्धवट राहिला तरी चालेल. पालकांचा विश्वास यावरच बसतो, आणि एकदा तो बसला की पुढच्या रविवारी मुले वेळेवर येतात.

पूर्ण पोशाखातली तालीम एकच, कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात. आदल्या रात्री तालीम ठेवू नये. ती रात्र घरात लागते.

कॅरल राउंड

कॅरल राउंड हे या हंगामातले सर्वांत आनंदाचे आणि सर्वांत दमवणारे काम आहे, म्हणून त्याची आखणी बारकाईने करावी. एका घरी दोन गीते, एक छोटे वाचन, प्रार्थना आणि ‘जय ख्रिस्त’ म्हणून निघणे यांना पंधरा मिनिटे लागतात. चालण्याचा वेळ धरला तर साडेसहा ते साडेनऊ या तीन तासांत आठ-नऊ घरे नीट होतात. पंधरा घरे घेतली, तर शेवटच्या घरातली लहान मुले झोपलेली असतात आणि आजी खुर्चीत डुलक्या घेत वाट पाहत असतात. मंडळीत साठ घरे असतील तर सात-आठ संध्याकाळी लागतील. तेवढ्या नसतील तर घरे कमी करावीत, किंवा एका गल्लीतल्या चार-पाच कुटुंबांनी एका घरी जमावे अशी विनंती करावी. अशा एकत्र येण्यातून शेजारच्या बिगरख्रिस्ती कुटुंबांनाही सहज बोलावता येते.

प्रत्येक घरी चहा आणि फराळ घेऊ नये. हे आधीच, उपासनेतल्या सूचनांमध्ये, पाळकसाहेबांकडून सांगून घ्यावे, कारण कार्यकर्त्याने दारात नको म्हटले तर घरच्यांना वाईट वाटते. रोज शेवटच्या एका घरी बसून खावे आणि ते घर दररोज वेगळे असावे.

मार्ग आखताना तीन प्रकारच्या घरांची नावे वेगळी लिहावीत. जिथे कोणी आजारी किंवा अंथरुणाला खिळलेले आहे ती घरे संध्याकाळी सर्वांत आधी घ्यावीत. जिथे बोर्डाचा विद्यार्थी आहे तिथे वेळ विचारून जावे. आणि जिथे वर्षभरात मृत्यू झाला आहे तिथे दोन दिवस आधी एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने जाऊन विचारावे. अनेक घरांत त्या वर्षी फराळ होत नाही, दारावर तारा लागत नाही, आणि म्हणून पथक ते घर टाळून पुढे जाते. घरच्यांना मात्र ढोलकीचा आवाज शेजारच्या दारापर्यंत येऊन थांबलेला ऐकू येतो. ‘तुम्ही म्हणाल तसे करू, मावशी, नुसती प्रार्थना करून निघू का?’ एवढे विचारले तर बहुतेक जण या म्हणतात. तिथे ढोलकी बाजूला ठेवावी, एक संथ गीत गावे, गेलेल्या माणसाचे नाव प्रार्थनेत घ्यावे आणि घाई करू नये. तरुणांना दुःखात बसायला शिकवणारी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

गीते निवडताना किमान निम्मी मराठी भजने असावीत. ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहातली रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) पदे वृद्धांना पाठ असतात, आणि मुले चुकली तर आजोबा पुढची ओळ उचलतात. टाळ, खंजिरी आणि ढोलकी पुरते. ध्वनिवर्धक नेण्याचा मोह टाळावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट असलेले दिवस वर्षात जास्तीत जास्त पंधरा असतात आणि त्यांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात, तेव्हा चर्चच्या आवारातल्या कार्यक्रमाला ध्वनिवर्धक लागणारच असेल तर आधी पोलीस ठाण्यातून परवानगी घ्यावी.

दुचाक्यांविषयी कडक राहावे. अठरा वर्षांखालच्या, परवाना नसलेल्या मुलाच्या हाती गाडी दिली, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीन जणांनी एका गाडीवर बसणे तर कोणत्याही वयात नको. जमेल तिथे चालावे, लांबच्या वस्तीसाठी एखादा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवावा.

मिळालेले अर्पण त्याच रात्री दोघांनी मोजावे, दोघांनी वहीत सही करावी आणि रविवारी खजिनदारांकडे देऊन पावती घ्यावी. घरी नेऊन कपाटात ठेवू नये.

मुलांची सुरक्षितता

याबाबत संकोच करू नये. अठरा वर्षांखालची मुले असतील त्या प्रत्येक तालमीला आणि राउंडला किमान दोन प्रौढ असावेत आणि त्यांत एक स्त्री असावी. एकाच प्रौढाने एकट्या मुलाला किंवा मुलीला गाडीवर घरी सोडू नये. रात्री परतताना शेवटचे मूल घरात जाईपर्यंत थांबावे आणि पालकांना तोंडी सांगून निघावे. लहान मुलांचे फोटो पालकांची परवानगी असल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत. एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगितले, तर ते मंडळीच्या अब्रूसाठी मंडळीतच मिटवणे हा गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. तो क्रमांक तरुण संघाच्या फलकावर कायम लावलेला असावा.

घरातले काम कोणाच्या वाट्याला

इथे स्पष्ट बोलले पाहिजे. पती तरुण संघाचे काम पाहत असेल, तर पत्नी एकटी करंज्या भरते, पडदे धुते, मुलांचे कपडे शिवून आणते आणि दारात आलेल्या पाहुण्यांना ‘ते चर्चमध्ये आहेत’ असे सांगते. पत्नी काम पाहत असेल तर ती तालमीहून येऊन त्याच करंज्या रात्री अकराला तळते. दोन्ही बाबतींत मंडळीच्या कामाची किंमत एकाच व्यक्तीने मोजलेली असते, आणि मंडळीत कौतुक होते तेव्हा तिचे नाव बहुधा घेतले जात नाही.

म्हणून फराळाचे दिवस हे कार्यकर्त्याचेही दिवस आहेत असे धरावे. करंजीसाठी रवा भिजवणे, सारण परतणे, लाटणे, भरणे, कातणे आणि तळणे ही साखळी चार हातांची आहे. दोन हातांनी केली तर संध्याकाळ जाते आणि पहिल्या लाटलेल्या पाऱ्या सुकून कडेने फुटतात. ज्या शनिवारी घरी करंज्या आहेत त्या शनिवारी तालीम नाही, हे ऑक्टोबरमध्येच लिहिलेले असावे. काही पदार्थ सोडून देणेही योग्यच आहे. अनारसे या वर्षी झाले नाहीत तर काही बिघडत नाही, आणि हे सासूबाईंना सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगावे. तरुण संघाची मुलेही आपल्या घरी अशीच हातभार लावतील, असे कार्यकर्त्याने त्यांना उघड सांगावे. ‘आईला मदत करायची आहे’ हे तालमीला न येण्याचे चांगले कारण मानले पाहिजे.

आपली स्वतःची मुले तरुण संघात असतील तर त्यांच्याकडे हक्काचे मदतनीस म्हणून पाहू नये. खुर्च्या लावायला, वस्तू आणायला, उशिरापर्यंत थांबायला दरवेळी तीच धरली जातात. त्यांना इतर मुलांइतकेच काम द्यावे.

अविवाहित कार्यकर्त्याला घर नसते असे समजून मंडळी सर्व कामे त्याच्याकडे ढकलते. त्यालाही आईवडील आहेत, बहिणीची मुले आहेत, आणि त्याचीही बुधवारची संध्याकाळ रिकामीच राहिली पाहिजे.

फोनचा नियम सोपा ठेवावा : तरुण संघाच्या ग्रुपवर रात्री नऊनंतर सूचना नाहीत आणि जेवताना फोन दुसऱ्या खोलीत. खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा, संदेश नाही.

ज्यांचे आईवडील घरी नसतात

अहिल्यानगर आणि बीड जिल्ह्यांतल्या अनेक मंडळ्यांमध्ये दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, कारखान्यांच्या भागात राहतात. मोठी मुले आजीआजोबांकडे किंवा वसतिगृहात मागे राहतात. शहरांतल्या मंडळ्यांमध्ये तसेच खोली घेऊन राहणारे विद्यार्थी आणि नव्या नोकरीवर आलेली तरुण मंडळी असतात. नोव्हेंबरमध्येच अशांची नावे विचारून घ्यावीत आणि २५ तारखेच्या जेवणाला प्रत्येकासाठी एक घर ठरवावे. एका घरात एकच किंवा दोघे, म्हणजे ते पाहुणे न वाटता घरचे होऊन जेवतात. कारखान्यावरच्या आईवडिलांशी त्या दिवशी दोन मिनिटे व्हिडिओवर बोलणे करून द्यावे; हे काम एखाद्या अकरावीतल्या मुलीकडे सोपवले तर ती ते अतिशय मनापासून करते.

२५ तारीख ते १ जानेवारी

नाताळच्या उपासनेनंतर कार्यकर्त्याने आवार आवरायला थांबू नये. आवरण्याची जोडी वेगळी ठरवलेली असावी आणि तिने फक्त वाद्ये व पोशाख कुलपात ठेवावेत, बाकीचे २६ ला. दुपारचे जेवण स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांबरोबर. २६ तारखेला कोणताही कार्यक्रम नको, आणि ३१ च्या रात्रीची साक्ष, गीते व वाचने यांची यादी २० तारखेपर्यंतच पाळकसाहेबांकडे दिलेली असावी, म्हणजे मधला आठवडा मोकळा मिळतो. ३१ ला लहान मुले असलेल्या जोडप्यांना पाळीने घरी थांबण्याची मोकळीक द्यावी. एकाने उपासनेला यावे, दुसऱ्याने पुढच्या वर्षी.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी हिशेब सादर करावा, भाड्याने आणलेले पोशाख परत केल्याची पावती वहीला लावावी, आणि दहा मिनिटांच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा : तुमच्या घरी कशाचा त्रास झाला? उत्तरे त्याच वहीत, पुढच्या ऑक्टोबरमध्ये सापडतील अशी, लिहून ठेवावीत. बोर्डाच्या मुलांना त्या दिवशी प्रार्थना करून मार्चअखेरपर्यंत मोकळे करावे. बाकीच्यांची सभा त्यानंतर दोन रविवार बंद ठेवून मग पुन्हा सुरू करावी.